मास्तरांनी धरलेला अबोला

तुम्ही हल्ली त्या प्रशिक्षणांना नावं ठेवता, म्हणून सांगतो. सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या शिबिरात साहेबांनी आम्हा इंग्रजीच्या मास्तरांना बजावलं, "वर्गात मराठीचा एक शब्द नको. हातवारे करा, वस्तू दाखवा, पण बोला इंग्रजीतच."

चोपड्याजवळच्या आमच्या शाळेत परतलो आणि पाचवीला तसंच सुरू केलं. केळं वर धरायचो, "धिस इज अ बनाना" म्हणायचो. पोरं नुसती माझ्या तोंडाकडे बघायची.

चार दिवसांनी एका पोरीचे आजोबा, नथूआबा, भर तासाला दारात उभे.

"गुरुजी, पोरेसनं काय चुकनं? मारा त्यासले, पन अबोला नका धरा."

आता नियम म्हणजे नियम. मी खुर्ची दाखवून म्हटलं, "आबा, प्लीज सिट डाऊन."

आबांचा चेहराच उतरला. "मन्हावरबी राग शे का?" म्हणाले, आणि पागोटं सावरत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरतो तर सगळी पोरं कान धरून उभी. आबांनी त्यांना पोस्टमास्तरांकडे नेऊन एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. सगळी एका सुरात म्हणाली, "सर, प्लीज टॉक टू अस."

मग माझ्याच्यानं राहवेना. एरवी पुस्तकी मराठी बोलणारा मी, पहिल्यांदाच पोरांच्या बोलीत बोललो. म्हटलं, "बसा रे बठ्ठा. मी रागे भरेल नही."

पुढच्या शिबिरात साहेबांनी विचारलं, "काय, पद्धत जमली का?"

म्हटलं, "जमली साहेब. आठवड्याभरात पोरं इंग्रजी बोलायला लागली, आणि मी अहिराणी."