सुई हलत होती

...आणि वर मलाच विचारतात, 'तुम्हाला कुणी सांगितलं होतं?' कुणी सांगायला कशाला हवं? शिवणयंत्र माझ्या बायकोचं, लेथ माझा, आणि विजेची मोटर हा विषय छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहून शिकवलाय मी! छत्तीस! माझ्या वर्गातून गेलेली मुलं आज कारखाने चालवताहेत, आणि माझ्याच्यानं एक बोटभर मोटर... जाऊ द्या. मला फक्त खात्री करायची होती हो!

झालं काय, तुम्हाला सांगतो. नातीच्या शाळेत शनिवारी नाटक. कुणी परी होतं, कुणी राणी होतं, आमच्या बाईसाहेबांना काय मिळालं? कोळी! जाळ्यात बसतो तो, आठ पायांचा. दोन हात, दोन पाय तिचे स्वतःचे, बाकीचे चार कापूस भरून, आणि आठांनाही काळ्या कापडाच्या गवसण्या. शिवणार कोण? आजी! बसली यंत्रावर, दोन पाय झाले, तिसरा अर्धा झाला, आणि यंत्राच्या मोटरीतून निळ्या ठिणग्या, जळका वास, आणि सगळं गप्प.

ही शांतपणे म्हणाली, "कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याकडे टाका. संध्याकाळपर्यंत करून देतो तो."

वाइंडिंगवाला! आणि मी काय मेलोय? माझं डोकंच सणकलं. "कॉम्युटेटर खराब झालाय," मी म्हटलं, "लेथवर एक हात फिरवला की झालं. दहा मिनिटांचं काम."

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. मोटरीच्या दांड्यावर तांब्याचं एक छोटं नळकांडं असतं, तोच कॉम्युटेटर. अखंड नाही, बारीक बारीक पट्ट्यांचं, आणि दोन पट्ट्यांच्या मधे अभ्रक. त्यावर दोन्ही बाजूंनी कार्बनचे तुकडे घासतात आणि वीज आत जाते. घासून घासून तांब्याला चरे पडले की ठिणग्या उडतात. मग ते लेथवर धरायचं, फिरवायचं आणि वरचा पापुद्रा तासून काढायचा. सोपं. हे मी किमान दोन हजार मुलांना सांगितलंय. आता स्वतः कधी केलं होतं का? अं... प्रयोगशाळेत ते काम तिथला मिस्त्री करायचा. मी शेजारी उभा राहून 'छान' म्हणायचो. पण म्हणून काय झालं? कळत तर होतं ना?

लेथ आहे मागच्या खोलीत. निवृत्तीला मुलांनी दिला, छोटासा, टेबलावर मावणारा. टेबल मात्र जुनं जेवणाचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. स्टूल ओढलं, बसलो, आर्मेचर, म्हणजे मोटरीचा तो फिरणारा भाग, लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरलं, टूल लावलं आणि पहिला हात मारला... काय सांगू! केसासारखा तांब्याचा कीस निघाला, काळे डाग गेले, चरे गेले, नळकांडं नव्या नाण्यासारखं लखलखलं. तिथं थांबलो असतो तर आज हे सांगायची वेळ आली असती का? पण मी शिकलेला माणूस पडलो! मला खात्री करायची होती!

डायल गेज लावला. घड्याळासारखा असतो, काटा शतांश मिलिमीटर दाखवतो. चक हातानं हळूहळू फिरवला, तर सुई हलतेय! पट्ट्यांच्या फटीवरून जाताना ती टिचकी मारते, ते वेगळं, ते मला कळतं. ही थरथरत होती. सारखी. म्हणजे तासलेलं गोल नाही. म्हणजे मी चुकलो. म्हणजे मी छत्तीस वर्षं...

दुसरा हात मारला. सुई हलतेय.

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "अहो, पाय हलवू नका."

हे आमच्या घरातलं लग्नापासूनचं वाक्य. मी बसलो की माझा उजवा पाय हलतो. जेवताना हलतो, वाचताना हलतो, काळजी लागली की तर शिवणयंत्राच्या सुईसारखा चालतो. पण म्हणून ही वेळ आहे का ते बोलायची? इथे मी शतांश मिलिमीटरशी झुंजतोय आणि तिला माझ्या पायाची पडलीय! संताप आला. तिसरा हात मारला. सुई हलतेय!

टूलला परत धार लावली. चक उघडून परत आवळला. चौथा हात. हलतेय! खालच्या रस्त्यावरून ट्रक जात असेल म्हणून खिडकीतून पाहिलं, रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं. पाचवा. हलतेय! वरच्या मजल्यावरचे चालत असतील. वर कोण राहतं? कुणीच नाही, वर गच्ची! सहावा! तुम्ही हसताय, पण एक क्षण मला पृथ्वीच्या फिरण्याचाही संशय आला. तांबं इकडे कांद्याच्या सालीएवढं उरलं होतं, ते दिसत होतं मला, आंधळा नाहीये मी! पण खात्री नको का करायला?

सातव्या हाताला ही दारात. हातात काळी गवसणी, तोंडात टाचणी. टाचणी काढली आणि म्हणाली, "मला आठ पाय शिवायचेत, आणि तुमचा एक काही स्वस्थ बसत नाही. सगळं टेबल हलतंय!"

मी ताडकन उठलो. "पायाचा इथे काय संबंध?" एवढ्या जोरात ओरडलो की रस्त्यावरचं कुत्रं उठलं. आणि बोट दाखवलं गेजकडे, "ही सुई हलतेय, सुई! दिसतंय का..."

सुई ढिम्म उभी.

मी बसलो. सुई थरथरली. उठलो. ढिम्म. बसलो. थरथर. सहा वेळा उठलो आणि बसलो. हो, सहा! खात्री करायची होती ना! ही दारात उभी राहून बघत होती. मग टाचणी परत तोंडात धरली तिनं.

मोटर जोडली, बटण दाबलं. अर्धा सेकंद फिरली, टक् झालं आणि तांब्याची एक पट्टी उडून भिंतीवर आदळली.

मग गेलो. कुठे म्हणून काय विचारता? वाइंडिंगवाल्याकडे! त्यानं आर्मेचर उजेडात धरलं. "अरेरे! काका, काळे डाग गेले की थांबायचं असतं. ह्याचं तांबंच संपवलंय. कुणी केलं हे?"

तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्याच्याशी बोललो. म्हटलं, "ओळखीचा आहे एक."

"त्याला सांगा, परत मोटरीला हात लावू नको म्हणावं."

"सांगितलंय," मी म्हटलं, "त्याच्या बायकोनं."

आणि हा भाग आता बनतच नाही म्हणे! जुन्या मोटरीतून काढून मिळाला तर मिळाला, पंधरा दिवस लागतील. नाटक शनिवारी. कोळ्याचे पाय अडीच.

तेव्हा आता असं चाललंय... यंत्राच्या बाजूला चाक असतं ना, ते हातानंही फिरतं. हिचे दोन्ही हात कापडावर, म्हणून चाक मी फिरवतो. 'हळू' म्हटलं की हळू, 'चला' म्हटलं की चला, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. छत्तीस वर्षं मोटर शिकवली, आता मीच मोटर झालोय. चौथ्या पायाची शिवण जरा नागमोडी गेली. का गेली, ते मी सांगणार नाही. तेव्हापासून तिनं तिचा पाय माझ्या पायावर दाबून ठेवलाय.

पाच झालेत. तीन राहिलेत. मगाशी मी हळूच विचारलं, "चाक ह्याच बाजूला फिरवायचं ना?"

"हो."

"नक्की?"

तिनं पाय तेवढा आणखी दाबला.