नाव आणि जन्मतारीख

इंदापूरहून एसटी सुटली तसे हिंदुरावांनी डोळे मिटले खरे, पण पुढच्या बाकावर पळसदेवच्या नर्सबाई आणि छबूबाई बोलायला लागल्या, आणि झोप पळाली ती पळालीच.

“निकाल लागला का, बाई?”

“लागला की. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला निघाले हुते. औषधं लिवून द्यायचा परवाना मिळनार हुता. दोन मार्कांनी पडले.”

“तुमी? आन पडला?”

“चांगली चष्मा लावून पडले. पेपरात इचारलं, रुग्णाची ओळख कशी पटवाल?”

“मग?”

“मी लिवलं, पटवायची कशाला? निम्मं गाव माझ्याच हातावर जन्मलंय.”

“खरंच हाय की!”

“खरं हाय म्हनून तर शून्य. नाव आन जन्मतारीख इचारायची, असं उत्तर हुतं. तीस वर्सांचा शानपना, दोन मार्कांचाबी निघाला न्हाय.”

तेवढ्यात कंडक्टर तिकिटाला आला आणि नर्सबाईंकडं बघून हसला.

“बाई, वळखलं का मला?”

“न्हाय बाबा. आदी नाव सांग, मग जन्मतारीख.”

“नाव युवराज. तारीख आईला इचारली, तर ती म्हनती, नर्सबाईंना इचार.”