कॉलर आणि दोन बाह्या

जन्मली तेव्हा दोन किलो शंभर – पण तुमच्या कागदावर अडीचच्या वर की खाली एवढंच आहे ना, मग खाली लिहा. बसा ना ताई, त्या गठ्ठ्यावर बसा, धुवायचेच आहेत ते. मी हात चालू ठेवते हं, इस्त्रीतले निखारे निवले की परत पेटवायला वेळ जातो. अंगावरचं दूध? तीन महिने. मग शाळांचे गणवेश आले, रोज ढीगभर, पाजायला बसणार कधी – मग बाटली. लस? दोन झाल्या, तिसरीच्या वेळी अंग गरम होतं म्हणून परत पाठवलं, ती राहिली ती राहिलीच. खोलीत माणसं पाच. नाही, आता चार. धूर? हा काय, दिसतोय की. नवरा म्हणतो पोरगी धुरानं गेली, सासूबाई म्हणतात बाटलीनं. तुमच्या कागदावर दोन्ही आहे, म्हणजे दोघांचंही बरोबर. मला कोणी काही विचारत नाही. बरंय. मला रडूही येत नाही ताई, खरंच, नुसते हात चालतात.

दवाखान्यात किती दिवसांनी नेलं? चौथ्या दिवशी. उशीर का – तेही आहे का त्यात? असणारच. आता कसं सांगू – इथे आरोग्यसेविका यायची, बरी होती बाई. तिनं सांगितलेलं, बाळ शांत असताना पोटाकडे बघायचं, मिनिटभर श्वास मोजायचे, पन्नास झाले की सरळ दवाखाना. मी म्हटलं, घड्याळ बंद, मोबाइल नवऱ्याबरोबर कपडे पोचवायला जातो, मिनिट आणू कुठून? मग तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, मी शर्ट घेतला – कॉलर आणि दोन बाह्या, बरोबर एक मिनिट! हसली, म्हणाली, तुमचा हातच घड्याळ आहे की. मीही लगेच फुशारले.

आजारी पडली तेव्हा मोजले ना – तिला समोर निजवलं, डोळे पोटावर, हात शर्टावर. हाताला बघावं लागत नाही. पहिल्या दिवशी बत्तीस. दुसऱ्या दिवशी अडतीस. नवरा म्हणत होता, नेऊया, मला बरं दिसत नाही. मीच म्हटलं, काही नाही, सर्दी आहे. श्वास मोजतेय हे त्याला सांगितलं नाही, चेष्टा केली असती. मग त्रेचाळीस. चौथ्या दिवशी सेहेचाळीस, ओठ काळसर, तेव्हा तोच उचलून पळाला. वॉर्डात नर्सनं मोजले – एकोणसत्तर. मला वाटलं हिचंच चुकलं. तिथे भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ होतं. मी बाकावर बसून रिकामा हात फिरवून बघितला – कॉलर, बाह्या. चाळीस सेकंद. परत केलं. चाळीसच. गणवेशांच्या त्या दोन महिन्यांत हात पळायला लागला होता ताई, आणि मला पत्ता नाही. गिऱ्हाइकं तर कौतुक करत होती. म्हणजे ते अडतीस – अडतिसात निम्मे मिळवा – सत्तावन्न. दुसऱ्याच दिवशी. तो म्हणत होता तेव्हाच.

हे लिहू नका. लिहिलंत का? दाखवा. बरं.

आणि तो शेवटचा प्रश्न काय म्हणालात – आईला श्वास मोजायला शिकवलं होतं का? – नाही. नाही लिहा. खाली सही नवऱ्याची लागते ना, वाचल्याशिवाय तो करायचा नाही. हो लिहिलंत तर विचारेल, मग मोजले का नाहीस. काय सांगू मी? सेविकेचं काय होईल? जाब विचारतील, कामावरून काढतील? – काढू दे. ती माझ्याजवळ दोन दिवस येऊन बसली, पाणी पाजलं मला – तरी काढू दे. लिहा ना ताई, अशा काय बघताय? जिन्यावर तोच आहे, त्याच्याच चपला वाजतायत. नाही लिहा, आणि उठा आता, तो गठ्ठा हवाय मला.