अकराशे सत्तेचाळीस नंबरचं पुस्तक

(लोहाऱ्याला लागून वसवलेल्या नव्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. दुपार. जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेली निकिता कॉम्प्युटरवर पुस्तकांची यादी चढवते आहे. शेजारी जुनी रजिस्टरं घेऊन ग्रंथपाल विरुपाक्षआप्पा. पेपरच्या टेबलाशी लिंबाजी.)

निकिता : ...आणि ही सात पुस्तकं, आप्पा? दरवर्षीच्या तपासणीत तुम्ही एकच शेरा मारलाय. 'वाचकाकडे'.

विरुपाक्ष : बरोबर हाय. नेलेली हायेत, आणलेली न्हाईत. मग वाचकाकडंच म्हणायची.

निकिता : तीस वर्षांच्या वर झाली. सातही एकाच पंधरवड्यात नेलेली दिसतात. सप्टेंबर त्र्याण्णव.

लिंबाजी : त्याच महिन्यात आमचं गाव खाली बसलं, म्याडम. तुमी जन्मल्या बी नसाल.

निकिता : भूकंपाचं माहीत आहे, काका. मला वाटलं, वाचनालयही गेलं असेल त्यात.

विरुपाक्ष : पत्र्याचं होतं, म्हणून राहिलं. दगडामातीची घरं पडली. पुढं गाव हललं तवा दोन वर्षं शेडमधी चालवलं. पुस्तकं पेटीत, पेपर दोरीवर.

लिंबाजी : लोक आपल्याच गावची बातमी वाचाया यायचे. ज्याला वाचता येईना त्याला आप्पा वाचून दाखवायचा. आता पक्की इमारत हाय, फॅन हाय, पोरं भरतीचा अभ्यास करत्यात. आन् मला म्हणत्यात, बाबा, पेपर वाजवू नका.

विरुपाक्ष : तुमी वाजवताच लई.

निकिता : आप्पा, यादी आज पाचच्या आत पाठवायची आहे. एकदा पाठवली की मग इथून बदल होत नाही. यात 'वाचकाकडे' टाकायचं तर वाचक हयात लागतो, त्याचा मोबाइल नंबर लागतो. नाहीतर 'बाद' करावं लागेल.

विरुपाक्ष : वाचा एकेक.

निकिता : दोनशे बारा. मथुराबाई.

विरुपाक्ष : गेली. करा बाद.

निकिता : आठशे चार. शंभुलिंग.

विरुपाक्ष : मास्तर होते. गेले. बाद.

निकिता : पाचशे साठ. अमरनाथ.

विरुपाक्ष : हा वाचला. पुस्तक ढिगात गेलं. पुण्याला असतो आता. बाद.

लिंबाजी : दर दिवाळीला येतोय. पुस्तकाचं नाव काढलं की च्या पाजतोय.

निकिता : पुढची तीन... पत्ता एकच आहे.

विरुपाक्ष : एकाच घरातली. तिन्ही बाद.

निकिता : शेवटचं. अकराशे सत्तेचाळीस. शिवणकामाचं पुस्तक. श्रीदेवी, वय सोळा.

विरुपाक्ष : ते राहू द्या.

निकिता : ती आहे का?

विरुपाक्ष : न्हाई.

निकिता : मग?

विरुपाक्ष : बाद म्हणजे वाचकाकडून गहाळ. तसं तिच्या नावापुढं मी लिहिणार न्हाई. आजवर लिहिलं न्हाई.

निकिता : बाकी सहांच्या नावापुढं लिहिलं ना आता?

लिंबाजी : सांग की गड्या. ही पोरगी काय तुझी साहेब न्हाय.

विरुपाक्ष : पुस्तक तिनं परत आणलं होतं.

निकिता : कधी?

विरुपाक्ष : आदल्या दिवशी. एकोणतीस तारीख, सांजच्याला. गणपती बुडवायचा दिवस. मिरवणूक निघायची होती, ढोल माझ्याच ताब्यात. मी कुलूप घातलं आन् ही समोर. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. म्हणली, उद्या शेवटचा दिवस हाय, आजच घ्या.

निकिता : मग?

विरुपाक्ष : मग काय. किल्ली खिशात होती. पण कुलूप काढा, रजिस्टर काढा, सही घ्या. म्हणलं, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? उद्या ये.

लिंबाजी : हे मला कधी सांगितलं न्हाईस.

विरुपाक्ष : तुमी विचारलं न्हाई. रात्री ढोल ठेवायला वाचनालयात आलो आन् तिथंच आडवा झालो. म्हणून मी वाचलो. पुस्तक जिथं असायला पाहिजे होतं तिथं मी होतो. तिचं एक पुस्तक कधी उशिरा आलं न्हाई. दरवर्षी 'वाचकाकडे' लिहिताना मला वाईट वाटायचं, पण 'गहाळ' लिहायला हात उचलायचा न्हाई.

निकिता : आप्पा, तुम्ही दोन्ही चुकीचं म्हणताय. तिनं आणलं म्हणजे ते परत आलं. परतीची तारीख टाकते मी. एकोणतीस सप्टेंबर.

विरुपाक्ष : पण पुस्तक कपाटात कुठं हाय?

निकिता : कपाटात नाही, ते आपल्याकडून गेलं. तिचा त्याच्याशी संबंध नाही. तिचं खातं बंद, बाकी काही नाही.

विरुपाक्ष : कार्यालयात चालंल?

निकिता : मी सही करणार आहे, म्हणजे चालेल. फक्त शेरा लागेल. वाचकानं परत केलं, तरी पुस्तक का नाही, ते.

विरुपाक्ष : खरं लिहायचं?

निकिता : तुम्ही सांगा, मी टाइप करते.

विरुपाक्ष : लिहा. वाचकानं पुस्तक मुदतीत आणलं. ग्रंथपालानं कुलूप उघडलं न्हाई.

लिंबाजी : आप्पा, वर साहेब वाचतील ते.

विरुपाक्ष : वाचू द्या.

निकिता : चौकटीत एवढं मावत नाही, आप्पा. एकच वाक्य बसतंय.

विरुपाक्ष : मग माझं काढा. तिचं राहू द्या.