मोरपिशी नखं आणि कन्यादानाची झारी

मंडळी, ऐका! देवानं हात दिले ते कशासाठी? काही देण्यासाठी, की लोकांना दाखवण्यासाठी? पुढच्या रांगेतल्या ताई, हात पदराखाली का घेतलेत? अजून मी कुणाचं नाव घेतलं नाही!

इस्लामपूरच्या हेमलताबाई. लेकीचं, केतकीचं लग्न ठरलं आणि बाईंना ध्यास लागला — लेकीच्या संसाराचा नव्हे हो, नेलपेंटचा! तीही साधी नव्हे, चुंबकाची! ओल्या नखावर चुंबक धरायचा, की मोरपिशी रंगात मांजराच्या डोळ्यासारखी चमकती रेघ उमटते. कशाला? तर कन्यादानात आईनं झारीतून पाण्याची धार धरायची असते, तेव्हा हातांचा फोटो निघतो. पैठणीला शोभणारी नखं त्यात आली पाहिजेत!

झालं! सांगली पालथी घातली, कोल्हापूर झालं. दुकानदार म्हणे, बाई, हा रंग कंपनीनं बंद केला. केतकी म्हणायची, आई, जरा माझ्याजवळ बस ना. बसते कुठली? ती मोबाईलवर बाटल्या बघतेय! एवढ्या तळमळीनं देव शोधला असता, तर तो घरी जेवायलाच आला असता.

शेवटी बंगळूरच्या भाचीनं बाटली आणली, तीही लग्नाच्या सकाळी. बाई दार लावून बसल्या. एक नख बिघडलं, पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा चुंबक. बाहेर गुरुजी हाका मारतायत!

आल्या एकदाच्या, बोटं फाकवून. गुरुजींनी झारी पुढे केली. बाई मागे सरकल्या.

"जाऊबाईंना धरू दे. माझी नखं ओली आहेत अजून."

केतकीनं मान वर केली. "आई, तूच धर ना."

"अगं, पुसलं जाईल सगळं."

जाऊबाई, वत्सलाबाई, पुढे झाल्या. सकाळपासून हळद कालवून त्यांची नखं पिवळी झालेली. त्यांनी धार धरली, आणि केतकी त्या पिवळ्या हातांकडे बघून रडली.

फोटो आला, भिंतीवर लागला. मधोमध हात — जाऊबाईंचे! हेमलताबाई रोज त्याच्याखाली बसतात. नखांवरचा रंग केव्हाच उडाला. बाटली मात्र अजून भरलेली आहे.

हसताय? लेकरू हाक मारतं, तेव्हा तुमचे हात कशात अडकलेले असतात? मला नका सांगू, त्याला सांगा. चला, आता नामाला दोन्ही हातांनी टाळी द्या. ज्यांची नखं ओली असतील, त्यांनी राहू द्या — त्यांच्या वाटची वत्सलाबाई वाजवतील!