तीन वर्षं न हललेला माल

बायको : दोनशे बारा माणसं आहेत ना तुमच्या त्या खोक्यांत? मग त्यातलं एक काढा. एकच.

स्टोअरकीपर : असा हात घालून माणूस काढायचा नसतो. खोक्यांना क्रम आहे.

बायको : उद्या सकाळी सातची गाडी आहे माझी. लेकीचे दिवस भरलेत, महिनाभर मी तिकडे. गेल्या महिन्यात तुम्ही बाथरूममध्ये आडवे झालात. डॉक्टर काय म्हणाले? हाकेला धावून येईल असं कुणीतरी हवं. घराची दुसरी किल्ली कुणाकडे द्यायची, एवढंच विचारतेय मी चार दिवस.

स्टोअरकीपर : आणि चार दिवस मी त्यावरच काम करतोय. चौतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी. अकरा हजार वस्तू. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, झोपेतून उठवून विचारा.

बायको : बोल्ट काही तुम्ही पडल्यावर धावत येत नाही.

स्टोअरकीपर : समजून तर घे. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेलं असतं, तसं प्रत्येक माणसाला एक कार्ड केलंय. आवक म्हणजे त्यांचा फोन आला. जावक म्हणजे आपण केला. आणि शिल्लक म्हणजे जिव्हाळा.

बायको : अगं बाई! आणि कितीकांची शिल्लक निघाली?

स्टोअरकीपर : बहुतेकांची शून्य. म्हणजे व्यवहार चोख आहे.

बायको : चोख! काल त्या सुपरवायझरना फोन केलात, त्यांचं काय झालं? ते तर तुमचे अ वर्गातले.

स्टोअरकीपर : अ वर्ग, दर महिन्याला एक फोन. कार्डावर लिहिल्याप्रमाणे विचारलं, चिरंजिवांची दहावी कशी गेली? तर म्हणाले, तो दोन मुलांचा बाप झालाय. मग म्हणाले, काही काम होतं का? मी म्हटलं काम नाही, तुमची तारीख आली.

बायको : तारीख आली! आणि किल्लीचं?

स्टोअरकीपर : त्यांची कंबर धरली. माझ्या पहिल्या वाक्यापर्यंत बरी होती.

बायको : बरं, मी कुठल्या वर्गात आहे?

स्टोअरकीपर : तुझं कार्ड नाही. तू रोज लागणारा माल. तो दाराशीच ठेवतात, त्याची नोंद करत बसलं तर काम कधी करणार?

बायको : केरसुणीसारखा.

स्टोअरकीपर : मी तसं म्हटलं नाही.

बायको : म्हणायची गरजच नाही. आणि तुमचे ते शाळेतले मित्र? पहिलीपासून एका बाकावर बसायचात. त्यांचं कार्ड दिसत नाही ते?

स्टोअरकीपर : निघालं. आधी आलेला माल आधी बाहेर. स्टोअरचा पहिला नियम आहे तो. नाहीतर जुना माल मागच्या मागे कुजतो.

बायको : अहो, तो नियम रंगाच्या डब्यांना! तुमच्याबरोबर पाटी घेऊन बसलेला माणूस कुजतो होय? काय डोकं आहे की काय आहे! आणि पलंगाखालचं ते लाल खोकं कसलं?

स्टोअरकीपर : त्याला हात लावू नकोस. तीन वर्षं न हललेला माल. भंगारात काढायचाय.

बायको : बघू तरी. तुमचे मामा... ते वारलेत हो.

स्टोअरकीपर : म्हणूनच हलले नाहीत.

बायको : हे कोण? मुकादम? तुम्ही मुकादमांना भंगारात टाकलंत?

स्टोअरकीपर : मी नाही टाकलं. नियमाने गेला. शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची आहे, त्याच्या निरोप समारंभाची.

बायको : आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द. ‘स्टूल’.

स्टोअरकीपर : ते राहू दे.

बायको : का राहू दे? तीस वर्षं तो माणूस धक्क्यावर त्या स्टुलावर बसून तुमचा माल उतरवून घ्यायचा. हमालांनी एवढंच मागितलं, आठवण म्हणून त्यांना ते स्टूल देऊ या. तर तुम्ही काय म्हणालात?

स्टोअरकीपर : मालमत्ता क्रमांक होता त्याच्यावर. गेटपासशिवाय टाचणी बाहेर जात नव्हती माझ्या स्टोअरमधून.

बायको : आणि पुढच्या महिन्यात त्या स्टुलाचं काय झालं?

स्टोअरकीपर : भंगारात निघालं. नियमानेच.

बायको : तुमचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा तुम्हाला खांद्यावर टाकून दवाखान्यात कुणी नेलं?

स्टोअरकीपर : त्याची कार्डावर नोंद नाही.

बायको : कार्डं तेव्हा जन्माला आली नव्हती! उचला तो फोन.

स्टोअरकीपर : आणि तो नाही म्हणाला तर?

बायको : तर मी गाडीत बसत नाही. पहिलटकरीण पोर माझी वाट बघत बसेल, आणि जावई तिच्याआधी घाबरून आडवा होईल. बघा, पटतंय का.

स्टोअरकीपर : थांब गं. मुद्दे तरी लिहून घेऊ दे. एक, प्रकृतीची चौकशी. दोन, त्याच्या मुलीची चौकशी. तीन—

(ती कार्ड त्याच्या हातातून काढून घेते, स्वतःच्या फोनवरून नंबर लावते आणि फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे धरते.)

मुकादम : हां, कोण?

स्टोअरकीपर : मी बोलतोय. स्टोअरमधून. म्हणजे, घरून.

मुकादम : कोण, आमच्या स्टोअरचं कुलूप?

स्टोअरकीपर : हो. कुलूपच.

मुकादम : आईशप्पथ! कोण गेलं?

स्टोअरकीपर : कुणी नाही गेलं.

मुकादम : मग लग्न आहे कुणाचं?

स्टोअरकीपर : नाही रे. तुझी प्रकृती... आणि ती... मुलगी, ती सध्या...

मुकादम : कागद बघून बोलतोयस का?

स्टोअरकीपर : कागद हिने काढून घेतलाय.

मुकादम : वहिनी पहिल्यापासून शहाण्या. आता बोल.

स्टोअरकीपर : ते स्टूल मी द्यायला हवं होतं.

मुकादम : थांब, टीव्ही बंद करतो.

स्टोअरकीपर : ऐकतोयस ना?

मुकादम : ऐकतोय की.

स्टोअरकीपर : त्या रात्री झोप नाही लागली मला. वाटलं, सकाळी पोचवून यावं. पण मग सगळे म्हणाले असते, बघा, याचेही नियम वाकतात.

मुकादम : लेका, त्या स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता. आमच्या हिने ते दारातूनच परत पाठवलं असतं. स्टुलाचं मला काही नव्हतं. सगळं खातं गेटपर्यंत सोडायला आलं, तू नाही आलास. खिडकीत उभा होतास. ते लागलं मला.

स्टोअरकीपर : माल मोजत होतो.

मुकादम : कसला माल?

स्टोअरकीपर : कसलाच नाही. हातात नुसती वही होती.

मुकादम : हं. दिसत होती. बरं, काम काय काढलंस?

स्टोअरकीपर : ही महिनाभर लेकीकडे चाललीये, बाळंतपणाला. मी मागे पडलो होतो एकदा. पुन्हा पडलो, तर... तू येशील का? घराची एक किल्ली तुझ्याकडे ठेवावी म्हणतो.

मुकादम : माझेही गुडघे गेलेत, बाबा. तुझे दोन जिने चढायला मला पाऊण तास लागेल.

स्टोअरकीपर : हो, मग राहू दे. मी आपलं सहज...

मुकादम : पुरतं ऐक तरी! तू पडलेलाच असशील ना? कुठे जाणार आहेस पळून? येतो हळूहळू.

बायको : भाऊजी, हसवू नका हो. इथे मला रडू फुटतंय.

मुकादम : वहिनी, तुम्ही निर्धास्त जा. नातवंडाचं तोंड बघा. याला विचारा, किल्ली न्यायला कधी येऊ? याची काहीतरी वेळ ठरलेली असणार.

स्टोअरकीपर : दहा ते बारा चालेल. नाहीतर दुपारी दोन ते साडेचार. फक्त येण्याआधी एक—

बायको : अहो.

स्टोअरकीपर : आत्ता ये.