शेंडा गुजरातेत, मूळ तलासरीत

आमच्या तलासरीच्या रूपजीचा ताड तुम्ही पाहायला हवा होता. मूळ महाराष्ट्रात, पण झाड असं कललेलं की शेंडा थेट गुजरातेत, म्हणजे दारूबंदीत. एकदा रूपजी वर मडकं लावून ताडी काढत असताना पलीकडचा जमादार बरोबर शेंड्याखाली येऊन ओरडला, "ए, उतर! तुला अटक!"

"उतरतो की," म्हणत रूपजी खोडावरून सरपटत आपल्या हद्दीत उतरला.

जमादार चिडला. "तू सुटला, पण मडकं अमारा गुजरातमां छे. ते जप्त!"

"घ्या ना साहेब. चढायला मात्र आमच्याकडूनच लागेल."

जमादार बूट काढून चढला. मडकं काखेत घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं, उतरायलाही महाराष्ट्रातच लागणार.

रूपजी खालून म्हणाला, "इथं तुमचा कायदा चालत नाय, साहेब. वर बसून प्यालात तर गुन्हेगार, खाली येऊन प्यालात तर आमचे पाहुणे."

जमादार बराच वेळ खोडाला मिठी मारून विचार करत राहिला. मग उतरला. शपथेवर सांगतो, एवढ्या उंचीवरून येताना त्याने एक थेंबही सांडू दिला नाही.